लोखंडाच्या घरात मीठ

आधीच सांगून ठेवते, माझे आंतोर त्या छपरावर चढले नसते तर हे काही घडलंच नसतं. गल्लीत कुणालाही विचारा. फक्त चास्मदीला विचारू नका. तो मेला परवापर्यंत म्हणत होता की जे झालं ते आपोआप झालं.

मी यायू तुन, म्हणजे गल्लीची तुनताई. आंतोर हा माझा धंदा. पिठाच्या चकत्या करायच्या, गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या, उन्हात खडखडीत वाळवायच्या आणि मोठ्या कढईत तापलेल्या वाळूत परतायच्या. तेलाचा थेंब लागत नाही. माझं घर आणि म्बाह सानुरींचं, म्हणजे सानुरीआजोबांचं, वर्कशॉप यांच्यामध्ये एकच भिंत आहे. अलीकडे वाळू तापते, पलीकडे पोलाद. आमच्या तलांग गावात त्याचं कुणाला नवल नाही. इथे पुढच्या खोलीत लेथ असतो आणि मागच्या खोलीत संसार. पोर रडायला लागलं तर आई एका हातानं झोका देते आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याला पाना देते.

आता लोखंड कापायचं म्हणजे कापणारं हत्यार लोखंडाहून कडक पाहिजे. बाजारातलं परवडत नाही, आणि जुन्या यंत्रांच्या मापाचं तर बाजारात मिळतच नाही. म्हणून कटरसुद्धा इथे घरीच घडतात. घडवणारे गल्लीत पुष्कळ आहेत, पण घडवलेल्या कटरला पाणी देणारा एकच, म्बाह सानुरी. म्हणायचं पाणी, द्यायचं तेल. कटर भट्टीत लाल करायचा आणि नेमक्या क्षणी काढून तेलात बुडवायचा. लवकर काढला तर तो मऊ राहतो. उशिरा काढला तर कडक होतो, पण बिस्किटासारखा तुटतो. तो नेमका क्षण म्बाह नुसत्या डोळ्यानं ओळखायचे, लालीवरून. त्यांच्या वडिलांनीही तसाच ओळखला होता.

पाणी द्यायच्या दिवशी म्बाह उपास धरायचे. आणि सांडशी एकदा भट्टीत गेली की कुणी अवाक्षर काढायचं नाही. तापलेलं पोलाद ऐकतं, असं त्यांचे वडील म्हणायचे. आमची अख्खी गल्ली गप्प व्हायची. मीसुद्धा. माझ्या तोंडाचा पट्टा बंद होतो म्हणजे काय ते समजा.

त्या घरात रासिती सून म्हणून आली. ती ब्रेबेसच्या किनाऱ्यावरची, मिठागरातली. म्बाहंचा मुलगा मुखलिस तिकडे मिठागराचा पंप दुरुस्त करायला गेला, तो पंप दुरुस्त करून आला आणि स्वतः बिघडून आला. दुसरं काही बोलेच ना. जेवताना रासिती, लेथवर रासिती.

लग्न ठरलं तशी गल्ली कुजबुजायला लागली. लोखंडाच्या घरात मिठागरातली पोर कुणी आणत नाही. मीठ लागलं की पोलाद गंजतं, यात खोटं काही नाही. पण म्हणून माणसालाच गंज म्हणायचं? समोरच्या वर्कशॉपवाला चास्मदी लग्नाच्या पंगतीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्बाह, भट्टीला कुलूप घाला आता. घरात खारा वारा शिरला."

रासिती वाढत होती. वाटी हातात तशीच धरून, थोरल्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली, "कांग चास्मदी, तुमच्यासाठी वेगळी भाजी आणू का, अळणी?"

पंगत हसली. चास्मदीचा घास हातातच राहिला. मला पोरगी तिथेच आवडली.

ती दिसायला बारकी, पण चालणं असं की वाटावं, पायाखाली चिखल आहे आणि डोक्यावर मिठाची टोपली. हसायची तर भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. कामाला वाघीण. आणि एक खोड, कुठल्याही गोष्टीकडे ती बघत राहायची. मीठ पिकतंय की नाही हे मिठागरातली माणसं बघून बघूनच शिकतात. ती माझ्या कढईपाशी बसून वाळू बघायची, पाऊण पाऊण तास. मी म्हणायचे, "अगं, वाळूच आहे ती, पिक्चर नाही." ती म्हणायची, "यायू, कडेची वाळू आधी तापते, मधली मागून. म्हणून तुमचे मधले आंतोर कच्चे राहतात." खरंच राहत होते. मेलीनं माझ्याच धंद्यात खोट काढली.

म्बाहंचा उपास सोडवायचं काम तिच्याकडे आलं. पाणी देऊन झालं रे झालं की त्यांना भाजलेला बांगडा लागायचा, त्याच निखाऱ्यांवरचा. म्हणून ते मधे पोलाद तापवत आणि ही भट्टीच्या कडेला, जाडं मीठ चोळलेला बांगडा घेऊन उकिडवी बसायची. मासा तडतडायचा. मिठाचे खडे उडून सांडशीवर पडत, कधी थेट कटरवर. म्बाह संतापायचे. पण बोलता येत नाही ना! नुसते डोळे वटारायचे. रासिती खाली मान घालायची आणि त्या कटरवरच्या खड्याकडे बघत राहायची.

तीन पावसाळे असे गेले. म्बाहंचं एकही हत्यार तुटलं नाही आणि गंजाचं नावही कुणी काढेना.

मग छप्पर आलं.

वर्कशॉपचं जुनं पत्र्याचं छप्पर काळं, ठेंगणं. आत भर दुपारी बल्ब लावावा लागे. म्बाह कानस चालवताना मान इतकी खाली घालायचे की नाक व्हाइसमध्ये अडकेल. रासितीला ते बघवेना. बापानं लग्नात घातलेली सोन्याची बांगडी तिनं मोडली आणि त्यातून नितळ प्लास्टिकचे पत्रे आणले. मुखलिस वर चढला, एका दिवसात छप्पर बदललं. काय तो उजेड! लेथच्या खाली हरवलेले स्क्रू सापडले. म्बाह हातानं डोळे झाकून आत आले आणि म्हणाले, "पोरी, सकाळ घरात आणलीस." त्यांनी कुणाचं एवढं कौतुक केलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. रासिती दिवसभर उगाचच हसत होती.

आणि त्याच महिन्यात कटर तुटायला लागले.

आधी एका शेजाऱ्याचा आटे पाडायचा टॅप गेला. मग मुखलिसचं भोकं मोठी करायचं रीमर. तेलात बुडवलं की आतून 'टिंग' असा बारीक आवाज यायचा. तो आवाज ऐकला की समजायचं, तडा गेला. म्बाहंनी पोलाद बदललं, कोळसा बदलला, तेल बदललं. टिंग. उपास वाढवले. टिंग. लोक आता आपली हत्यारं शहरातल्या विजेच्या भट्टीकडे धाडायला लागले. चास्मदीचं तर फावलंच. दारात उभा राहून म्हणायचा, "म्हाताऱ्याचे डोळे गेले. आणि घरात मीठ आहे ते आहेच."

डोळे गेले, हे म्बाहंनाही पटत चाललं होतं. ते मातीच्या किटलीतला मोगऱ्याचा चहा घेऊन ओट्यावर बसायचे आणि चहा गार होऊन जायचा.

अशात हाजी रोखिमचं काम आलं. रोखिम बंदरावरचा नाखवा. त्याच्या बोटीवर जाळं ओढायचं जुनं परदेशी यंत्र, त्याचं मोठं दातेरी चाक फुटलं. तसे दात कापणारा कटर कुठे मिळेना. समुद्राला नैवेद्य सोडायचा सण तोंडावर आला होता. सण झाला की सगळ्या बोटी सुटणार. चाक नाही तर रोखिमची बोट आणि तिच्यावरची माणसं हंगामभर धक्क्यावर बसणार. शहरातल्या भट्टीनं सांगितलं, सणानंतर बघू. रोखिम म्बाहंकडे आला. "म्बाह, माझ्या वडिलांच्या बोटीची हत्यारांनाही तुम्हीच पाणी दिलेलं. तुम्ही नाही म्हणू नका."

मुखलिसनं मोडलेल्या जहाजाच्या दांड्यातून पोलादाच्या तीन चकत्या कापल्या. फुटलेल्या चाकाचा दात समोर ठेवून, कानशीनं घासून घासून एकेक कटर घडवला. बोटांची सालं निघाली त्याची. पहिल्याला म्बाहंनी पाणी दिलं. टिंग. दुसऱ्याचा आवाज आला नाही, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, पण चाकाला टेकवल्याबरोबर त्याचे दोन दात उडाले.

म्बाहंनी तिसरा कटर हातात घेतला, उलटासुलटा केला आणि मुखलिसला म्हणाले, "हा गेला तर सांडशी गुंग नदीत टाकून देईन. मग ह्या घरात भट्टी पेटवायची नाही. माझ्यानंतरही नाही." असं बोलून त्यांनी चहाची किटली आत नेली. ओट्यावर बसणंही सोडलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रासिती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"यायू, मुखलिसनं मागे एक पटाशी केली होती, आठवते? ती तुटली नाही. ह्या दिवसांत तेवढी एकच चांगली निघाली."

"बरं मग?"

"तिला पाणी दिलं त्या दिवशी तुमचे आंतोर आमच्या छपरावर वाळत होते."

मी म्हटलं, "मग माझ्या आंतोरांची मिरवणूक काढा. हार घाला."

"यायू, चेष्टा नको. जीव जायची वेळ आलीये." तिनं माझ्या चुलीतला एक निखारा चिमट्यात धरला. "कसा दिसतो?"

"लालबुंद."

ती तो घेऊन अंगणात गेली, उन्हात. "आता?"

मी बघतच राहिले. अगं बाई! निखारा विझल्यासारखा दिसत होता, नुसता राखेचा गोळा. ती परत आत आली आणि तो पुन्हा लालबुंद.

"तोच निखारा आहे," ती म्हणाली. "बापांचा डोळा अंधारात शिकलेला. आता वरून ऊन पडतं, लाली दिसत नाही, म्हणून ते थांबतात. जास्त तापवतात. तुमचे आंतोर वाळत होते तेव्हा आत अंधार होता, म्हणून पटाशी वाचली." आणि मग तिला रडू फुटलं. "मी आणलं ते छप्पर. मीच."

तिला जवळ घेतलं मी. बांगडी मोडून आणलेलं प्रेमाचं छप्पर, आणि त्यानंच घराची अब्रू घालवली. मलाच रडू यायला लागलं. मग म्हटलं, "रडून काय होणार आहे? चल, सांग त्यांना."

म्बाह मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. रासिती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. मी दारात उभी. आणि चास्मदी? त्याला कसा वास लागला देव जाणे, तोही माझ्यामागून डोकावत होता.

"बापा, तुमचे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "माझं छप्पर वाईट आहे."

तिनं निखाऱ्याचं सगळं सांगितलं. म्बाहंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असेल तसंच. पण आता अंधार केला तरी काय? इतके कटर मी मारले, पोरी. डोळा खरं सांगतो की खोटं, ते मला कळेनासं झालंय. एकच चकती उरलीये. विश्वास कशावर ठेवू?"

"मिठावर ठेवा."

चास्मदी फिसकन हसला. "कटर भाजताय की बांगडा?"

"तू गप रे मेल्या," मी म्हटलं.

रासितीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बापा, बांगड्याचं मीठ उडून कटरवर पडायचं ना? आधी ते पांढरं दिसायचं. मग ओलं व्हायचं. मग त्याचं पाणी होऊन पसरायचं, काचेसारखं. पसरलं की तुम्ही कटर बाहेर काढायचात. दरवेळी. एकदाही चुकला नाहीत. नवं छप्पर आल्यावर मात्र ते पसरून धूर धरायला लागायचं, तरी तुम्ही थांबलेलेच."

म्बाहंनी मान वर केली. "कधीपासून बघत होतीस?"

"पहिल्या बांगड्यापासून."

"आणि मी तुझ्यावर डोळे वटारत होतो."

"हो ना. केवढे मोठे करायचात! मी घाबरायचे."

म्बाह हसले. खोकला आला तरी हसत राहिले. कितीतरी दिवसांनी ते हसणं गल्लीनं ऐकलं असेल. मग ते उठले आणि खिळ्यावरची सांडशी काढली.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी भट्टी पेटली. त्याआधी मी माझं सैन्य बाहेर काढलं. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या आंतोरांच्या चटया त्या छपरावर चढवल्या. कमी पडल्या तर शेजारणींच्या आणल्या. गल्लीतल्या बाया ओळीनं उभ्या राहून चटया वर देत होत्या, मुखलिस वरून ओरडत होता, "यायू तुन, अजून! इथे भोक आहे!" गुलाबी, पिवळे, पांढरे, सगळं छप्पर आंतोरांनी भरलं. आत गेले तर पूर्वीसारखा काळोख. जुनं वर्कशॉप परत आलं. हाजी रोखिम टोपी काढून कोपऱ्यात उभा होता. चास्मदी हाताची घडी घालून दारात.

म्बाहंनी चकतीसारखा कटर एका लोखंडी तबकडीत आडवा ठेवून निखाऱ्यांवर सरकवला. मुखलिसनं पंख्याचा वारा सुरू केला. रासितीनं माझ्याकडे हात केला, मी मिठाचा डबा दिला. तिनं चिमूटभर कटरवर टाकलं आणि तडतड तडतड, सगळं मीठ उडून भट्टीभर झालं! कुणीतरी हसलं.

रासितीनं डबा नाकाशी धरला, बोटांनी मीठ चाचपलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मेले. मीठ ओलसर होतं. जाडं, पोटात पाणी असलेलं. तिनं काही न बोलता ते माझ्या दुसऱ्या, रिकाम्या कढईत घातलं, फडफड थांबेपर्यंत भाजलं आणि वरवंट्यानं पिठासारखं केलं. मिठागरातली पोर ती, तिला कोण शिकवणार? कटर तोवर काळाच होता, काही बिघडलं नव्हतं.

पुन्हा चिमूट टाकली. ह्या वेळी मीठ शांत बसलं, पिठीसाखरेसारखं.

म्बाहंनी सांडशी आत घातली. झालं, गल्ली गप्प. बाहेरचे लेथ बंद पडले. मोटरसायकलवाला कुणी आला, तो लांबच थांबला. नुसता पंख्याचा आवाज.

कटर काळ्याचा तपकिरी झाला. मग लालसर. मीठ तसंच पांढरं. म्बाहंच्या कपाळावरून घाम डोळ्यात जात होता, ते पुसत नव्हते. लाली वाढली. इतक्या दिवसांनी अंधारात पाहिलेली ती लाली, त्यांना ती भलतीच झगझगीत दिसली असणार. सांडशी उचलली जाते की काय!

आणि म्बाह बोलले. भट्टीपुढे. सांडशी आगीत असताना.

"रासिती, कुठवर आलं?"

रोखिमच्या हातातली टोपी पडली. मुखलिसनं बापाकडे असं पाहिलं, जसं कुणी भूत पाहतं. त्या भट्टीनं म्बाहंच्या वडिलांच्या काळापासून माणसाचा आवाज ऐकला नव्हता.

रासिती पुढे वाकली. "कडेला ओलं झालंय. मधे कोरडं आहे. फिरवा."

म्बाहंनी कटर फिरवला.

"जातंय पोरी, जास्त होतंय!"

"नाही होत, बापा. थांबा."

"जातंय!"

"थांबा म्हणते ना!"

सासऱ्यावर ओरडली! चास्मदीच्या तोंडाचा आ झाला. रासितीचं नाक भट्टीपासून वीतभर, पापण्या भाजतील अशी. ती तेवढ्या एका जागेकडे बघत होती, जशी माझी वाळू बघायची तशी. मधलं मीठ ओलं झालं. थेंब झाला. थेंब थेंबाला लागला. आणि सगळं एकदम पसरलं, काचेसारखं चकाकत.

"आता!"

म्बाहंनी कटर उचलला आणि तेलात घातला. भस्सकन धूर उठला, ज्वाळ वर आली, विझली. म्बाह सांडशी धरून उभे. सगळ्यांचे कान त्या डब्याकडे. टिंग येणार, आता येणार, आता. मी देवाला म्हटलं, ह्या वर्षीचे सगळे आंतोर तुला.

टिंग आली नाही.

धूर निवळला. तेल शांत झालं. म्बाहंनी कटर बाहेर काढला, मुखलिसनं कानस घेतली आणि दातावर ओढली. कानस घसरली. पुन्हा ओढली, पुन्हा घसरली, काचेवरून घसरावी तशी. ओरखडासुद्धा नाही. मुखलिस हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. "बापा, धरत नाही! कानस धरतच नाही!"

"नाचू नका अजून," रासिती म्हणाली. तिनं कटर उकळत्या पाण्यात घालून कुंचल्यानं खसाखसा घासला, मिठाचा कण राहू दिला नाही. "उद्या गंजला तर माझ्या नावानं बोंब मारायला माणसं तयारच आहेत." चास्मदी छपराकडे बघायला लागला.

आता कटर कडक होता, पण नुसता कडक. तो जरा नरमवायला लागतो, नाहीतर पहिल्या घावाला दात उडतात. त्यासाठी तो घासून चकचकीत करायचा आणि मंद आचेवर ठेवायचा. अंगावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की काढायचा. हा रंग इतका फिका की अंधारात दिसायचाच नाही. जुन्या काळ्या छपराखाली म्बाह त्यासाठी कटर घेऊन अंगणात पळायचे.

रासिती एकदम दारात आली आणि ओरडली, "यायू, आंतोर काढा! उजेड पाहिजे!"

बायांनी चटया ओढायला सुरुवात केली. एकेक चटई निघाली तसा आत उजेड सांडायला लागला, नितळ पत्र्यातून, तिच्या बांगडीच्या पत्र्यातून. माझी वाळूची कढई मधे आणून ठेवली. कडेची वाळू आधी तापते म्हणून तिनं ती आधी उलथन्यानं हलवून सारखी केली, मग कटर वाळूवर ठेवला. म्बाह आणि ती, दोघं डोक्याला डोकं लावून बसले. ह्या वेळी म्बाहंनी विचारलं नाही. रंग स्वच्छ दिसत होता. पिवळसर छटा दातांच्या टोकांवर आली, आत सरकली, आणि त्यांनी अलगद कटर उचलला.

"चांगलं छप्पर आहे," म्बाह म्हणाले. "याच कामाचं आहे."

रासितीनं पदर तोंडाला लावला.

त्याच दुपारी कटर यंत्रावर चढला. मुखलिसनं नव्या चाकाचं लोखंड बांधलं आणि कटर टेकवला. कुरर्र आवाज करत लोखंडाची सालं निघायला लागली, गोल गोल. पहिला दात पडला. रोखिमनं बोट फिरवून पाहिलं. दुसरा पडला. मग कुणी मोजायचं सोडून दिलं. दिवेलागणीला चाक पूर्ण झालं, आणि कटरचा एकही दात हलला नव्हता. दुसऱ्या दिवशी बोटी समुद्रात नैवेद्य सोडायला गेल्या तेव्हा रोखिमची बोट सगळ्यांच्या पुढे होती आणि भोंगा असा वाजवत होती की कान किटले. मी धक्क्यावर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडले.

पण चाक झालं त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. म्बाहंनी उपास सोडायला ओट्यावर बैठक मारली. बांगडा नव्हताच, कुणाच्या लक्षात राहणार! मी आंतोर आणि ठेचा ठेवला. किटली आली, पेल्यात खडीसाखर पडली. पहिला पेला नेहमी म्बाहंचा. त्यांनी तो भरला आणि रासितीपुढे सरकवला. ती नको नको म्हणत होती. म्हाताऱ्यानं डोळे वटारले. झक मारत प्याली.

सांडशी नदीत गेली नाही. ती खिळ्यावरच आहे, आणि तिच्या शेजारच्या खिळ्याला भाजलेल्या मिठाचा डबा टांगलाय. छपराला आतून काळा पडदा लावलाय, दोरी ओढली की अंधार, सोडली की सकाळ. हत्यारं घेऊन लोक परत यायला लागले. भट्टी पेटली की गल्ली अजून गप्प होते, मी धरून. फक्त शेवटी एक आवाज येतो, "आता!" तो आला की लेथ पुन्हा सुरू होतात.

परवा चास्मदी आला. काखेत फडक्यात गुंडाळलेला कटर, स्वतः घडवलेला. आधी इकडेतिकडे पाहिलं, मी आहे का ते. मी होतेच.

"म्बाह, एवढं पाणी देता का?"

म्बाहंनी चहाच्या पेल्यातून मान वर केली नाही. "मला काय विचारतोस? आत विचार."

रासितीनं कटर हातात घेतला, उजेडाला धरून नीट पाहिला, दात चाचपले. मग डबा काढता काढता थांबली आणि अगदी गरीब तोंड करून म्हणाली, "कांग चास्मदी, तुमचा अळणीच करू ना?"

ओट्यावर म्बाहंना ठसका लागला. चास्मदीनं माझ्याकडे पाहिलं, म्बाहंकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

"नको गं पोरी," तो म्हणाला. "मीठ घाल. चांगलं मूठभर घाल."